मराठी संशोधनलेखातील संदर्भनिर्देश : स्वरूप आणि अडचणी

संतसाहित्यावरील शोधनिबंधांत ‘तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक’ एवढाच निर्देश करून पुढे जाण्याची प्रथा चांगलीच रूढ झाली आहे. वाचकाने तो अभंग मुळातून पाहावयाचे ठरविले, की त्याची अडचण सुरू होते. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली, इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेली गाथा वेगळी, आणि विष्णुबुवा जोग यांची सार्थ गाथा वेगळी. १९५० मध्ये मुंबई सरकारने काढलेली गाथा इंदुप्रकाश प्रतीच्या आधाराने सिद्ध झालेली आहे, तर वारकरी मंडळींच्या हाती बहुधा जोग महाराजांची प्रत असते. अभंगांचा क्रम आणि म्हणून त्यांचे क्रमांक या प्रतींत जुळत नाहीत. निबंधकाराने क्रमांक अचूक लिहिला असला, तरी प्रत न सांगितल्यामुळे तो निरुपयोगी ठरतो.

स्वल्पविराम कोठे द्यावा आणि वर्ष कंसात घालावे की नाही, एवढ्यापुरताच संदर्भलेखनाचा विचार महाविद्यालयीन अध्यापकांच्या चर्चेत बहुतेक वेळा होतो. संपादकांकडून निबंध परत येतो, तोही ‘संदर्भ एपीए पद्धतीने द्यावेत’ अशा एका ओळीच्या सूचनेसह. ही सूचना गैर नाही, पण मराठी साधनांच्या बाबतीत ती अपुरी आहे. कारण विरामचिन्हे बिनचूक असूनही ज्या नोंदीवरून कोणताही वाचक मूळ पानापर्यंत पोहोचू शकत नाही, अशी नोंद मराठीत सहज तयार होते. ती कोणत्या ठिकाणी तयार होते आणि कशी टाळता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शैलीग्रंथ आणि त्यांची मर्यादा

भारतीय नियतकालिकांत सामान्यतः तीन पद्धती मागितल्या जातात : सामाजिक शास्त्रांत एपीए, भाषा-साहित्यात एमएलए आणि इतिहासात शिकागो. लेखकाचे नाव व वर्ष कंसात देण्याच्या पद्धतीचा उगम सामान्यतः हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या निबंधात सांगितला जातो. हा निबंध बिनशंखाच्या गोगलगायीविषयी होता. नैसर्गिक शास्त्रांत नवे संशोधन जुन्याची जागा घेते, म्हणून तेथे वर्षाला अग्रस्थान मिळाले, हे ध्यानात घेतले म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाला ही पद्धत लावताना होणारी ओढाताण समजते.

हे शैलीग्रंथ स्थिरही नाहीत. सध्या एपीएची सातवी आवृत्ती (२०१९), एमएलएची नववी (२०२१) आणि शिकागोची अठरावी (२०२४) प्रचारात आहे. एपीएच्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ गाळले. एमएलएने ते २०१६ मध्येच वगळले होते. मात्र १९०० पूर्वीच्या पुस्तकांसाठी स्थळ देण्याची मुभा ठेवली होती. ‘तत्रैव’ या मराठी संज्ञेशी समांतर असलेल्या लॅटिन संक्षेपाचा वापर टाळावा, असे शिकागोने २०१७ पासून सुचविले आहे. ही सूचना मराठी लेखकांनी विशेष मनावर घ्यावी. निबंधाच्या दुसऱ्या खर्ड्यात एखादी तळटीप मध्ये घातली गेली, की तिच्या पाठोपाठचे ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते आणि मुद्रितशोधकाला ते कळण्याचा मार्ग नसतो. ‘उ. नि.’ या संक्षेपाचेही तेच. लेखकाचे आडनाव, ग्रंथाचे आखूड नाव आणि पृष्ठ एवढे पुन्हा लिहिण्याने चार शब्द वाढतात, परंतु निर्देश कधी हरवत नाही.

प्रकाशनस्थळाच्या बाबतीत मात्र या ग्रंथांचे अनुकरण डोळे मिटून करू नये. जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा स्वतंत्र प्रकाशक नसतो. छापखाना आणि गाव एवढीच ओळख असते. तेथे स्थळ गाळले, तर नोंदीचा अर्धा आधार जातो. नियतकालिकाने एपीएचा आग्रह धरला असेल, तरी १९०० पूर्वीच्या पुस्तकासाठी स्थळ व मुद्रणालय ठेवण्याची परवानगी संपादकांकडे मागावी. समंजस संपादक ती नाकारीत नाहीत.

नावाचा प्रश्न

आडनाव आधी आणि मग नावाची आद्याक्षरे, हा नियम मराठीत सहज लागू होईल असे वाटते. प्रत्यक्षात पहिली अडचण आद्याक्षरापाशीच येते. रोमन लिपीत आद्याक्षर म्हणजे एक वर्ण. मराठीत ते स्वरचिन्हासह पूर्ण अक्षर असते : वि. का. राजवाडे, कृ. पां. कुलकर्णी, त्र्यं. शं. शेजवलकर. संदर्भव्यवस्थापनाच्या संगणकप्रणालीकडे पूर्ण नाव देऊन संक्षेप तिच्यावर सोपविला, तर ‘वि.’ चे ‘व.’ आणि ‘त्र्यं.’ चे ‘त.’ झाले नाही ना, हे प्रत्येक नोंदीत डोळ्यांनी तपासावे लागते. याहून सोपा उपाय म्हणजे मराठी सूचीत पूर्ण नाव देणे. देशपांडे, कुलकर्णी, जोशी, पाटील या आडनावांच्या गर्दीत दोन आद्याक्षरे पुरेशी ठरत नाहीत, हा अनुभव ग्रंथालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे.

दुसरी अडचण आदरार्थी उपपदांची. डॉ., प्रा., कै. ही सूचीत येऊ नयेत, हे सर्वांना ठाऊक असते, ‘म.’ मात्र निसटते. ‘म. गांधी’ आणि ‘म. फुले’ यांतील ‘म.’ हा ‘महात्मा’ या शब्दाचा संक्षेप आहे, पण सूचीत तो ‘गांधी, म.’ असा उलटा झाला की नावाचे आद्याक्षर वाटू लागतो. मोहनदास करमचंद गांधी यांचे आद्याक्षर ‘मो.’ आहे आणि जोतीराव गोविंदराव फुले यांचे ‘जो.’. मुख्य मजकुरात आदरार्थी बहुवचन आणि उपाधी यांना जागा आहे. सूचीत ग्रंथपालाची नि:स्पृहता हवी.

टोपणनावांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राम गणेश गडकरी यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने केले. नाटके स्वतःच्या नावाने लिहिली. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आला. त्या वेळी लेखिकेचे नाव बाळूताई खरे असे होते आणि पुढे विवाहानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. या पुस्तकाची नोंद बेडेकर या नावाखाली केली, तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जे नाव नाही ते सूचीत येते. शिवाय लेखिकेला नाव का लपवावे लागले, हा वाङ्मयेतिहासातील महत्त्वाचा प्रश्नच नोंदीतून पुसला जातो. म्हणून पुस्तकावर जे नाव छापलेले आहे त्याखालीच नोंद करावी आणि खरे नाव चौकटी कंसात द्यावे : शिरूरकर, विभावरी [बेडेकर, मालती]. एकाच लेखकाची दोन नावांनी प्रसिद्ध झालेली पुस्तके एकाच निबंधात येत असतील, तर ‘पाहा’ अशी एक जोडनोंद पुरेशी होते.

रोमन लिपीतील निबंधात मराठी ग्रंथ उद्धृत करताना ‘राजवाडे’ हे एकच आडनाव तीन निबंधांत तीन प्रकारे लिहिलेले दिसते. लिप्यंतराचा आयएसओ १५९१९ हा मानक २००१ पासून उपलब्ध आहे. तो वापरणे जमत नसेल, तर निदान एका निबंधात एकच वर्णविन्यास ठेवावा आणि ग्रंथनामाचे भाषांतर चौकटी कंसात द्यावे. भाषांतरित नाव मूळ नावाच्या जागी घालणे ही चूक सर्वांत घातक, कारण त्या नावाचे पुस्तक कोणत्याही ग्रंथालयाच्या तालिकेत सापडत नाही. ग्रंथनामाचे शुद्धलेखनही बदलू नये. १९६२ व १९७२ मध्ये ठरलेल्या लेखननियमांपूर्वीची अनेक शीर्षके अनुच्चारित अनुस्वारांसह छापलेली आहेत. ती मुखपृष्ठावर जशी आहेत तशीच नोंदीत यावयास हवीत, मग निबंधाचे स्वतःचे लेखन कितीही आधुनिक असो.

आवृत्ती, वर्ष आणि शक

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. पुढच्या काळातील आवृत्त्या मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाच्या आहेत. आता अनेक निबंधांत पुढील नोंद आढळते : नेमाडे, भालचंद्र (१९६३). कोसला. मुंबई : पॉप्युलर प्रकाशन. असे पुस्तक अस्तित्वातच नाही. लेखकाने वर्ष वाङ्मयेतिहासातून घेतले, प्रकाशक हातातील प्रतीवरून घेतला आणि पृष्ठक्रमांक त्याच प्रतीतून दिला. तीनही तपशील सुटे सुटे खरे आहेत, नोंद मात्र खोटी आहे.

यावर शैलीग्रंथांनीच उपाय दिला आहे : मूळ वर्ष आणि हातातील आवृत्तीचे वर्ष तिरप्या रेषेने जोडून द्यावे. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. ती बहुतेक अभ्यासक समग्र वाङ्मयात वाचतात. समग्र वाङ्मयाची पहिली आवृत्ती धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी १९६९ मध्ये संपादित केली आणि पुढे य. दि. फडके यांनी संपादिलेली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. १९९१ ची प्रत वापरली असेल, तर (फुले, १८७३/१९९१) असा निर्देश करून त्याच प्रतीचे पृष्ठ द्यावे. दोन वर्षांपैकी पहिले विचाराचा काळ सांगते आणि दुसरे पानाचा पत्ता.

मराठी प्रकाशनव्यवहारात ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे शब्द काटेकोरपणे वापरले जातातच असे नाही. मजकूर आणि पानांची मांडणी तीच असेल, तर ते पुनर्मुद्रण होय, मग त्यावर ‘सहावी आवृत्ती’ असे छापलेले का असेना. नोंदीत छापलेला शब्दच द्यावा, पण पृष्ठांची तुलना करताना हा भेद ध्यानात ठेवावा.

जुन्या पुस्तकांवर केवळ शक दिलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा ठोकताळा वर्षाच्या पहिल्या नऊ-दहा महिन्यांपुरताच खरा आहे. शकवर्ष चैत्रात सुरू होते. १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पुस्तकावर महिना नसेल तर ‘शके १८२५ [१९०३-०४]’ असे लिहावे. एकच सन ठोकून देण्यात निष्कारण चूक पदरी येते. पेशवेकालीन कागदपत्रांत मृगापासून सुरू होणारा सुहूर सन आढळतो. तेथे मूळ कालनिर्देश तसाच ठेवून संपादकाने दिलेले रूपांतर ‘संपादकांनुसार’ असे म्हणून पुढे जोडावे.

इतिहासाच्या अध्यापकांना आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. पोर्तुगीजांनी ग्रेगरीय कालगणना १५८२ मध्ये स्वीकारली, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकातील सुरतेच्या इंग्रजी वखारीचा कागद आणि गोव्याचा पोर्तुगीज कागद यांत एकाच दिवसाच्या तारखा दहा दिवसांनी भिन्न असतात. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही परिचित तारीख जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेने तो दिवस १६ जून येतो. संदर्भनोंदीत कागदावरील मूळ तारीखच द्यावी, रूपांतर कंसात. अन्यथा दफ्तरखान्यात तो कागद मिळणार नाही.

पानापेक्षा नेमका पत्ता

काही साधनांच्या बाबतीत पृष्ठक्रमांक हा पत्त्याचा सर्वांत दुबळा भाग असतो. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय व ओवी द्यावी. मात्र राजवाडे यांची १९०९ ची प्रत आणि सांप्रदायिक प्रती यांत ओवीसंख्या व पाठ भिन्न आहेत, म्हणून प्रत सांगणे अपरिहार्य. लीळाचरित्रासाठी एकांक, पूर्वार्ध किंवा उत्तरार्ध आणि लीळाक्रमांक द्यावा, पण शं. गो. तुळपुळे यांच्या संपादनातील क्रमांक आणि वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या संपादनातील क्रमांक एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. लोकहितवादींच्या शतपत्रांना स्वतःचे क्रमांक आहेत, ‘पत्र क्र.’ दिला की कोणत्याही संपादनात ते सापडते. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेतील कागद लेखांकाने ओळखले जातात, म्हणून तेथे खंड व लेखांक हवा. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांनाही हाच न्याय लागू पडतो.

मराठी विश्वकोशाचा निर्देश करताना एक अन्याय नित्य घडतो. विश्वकोशातील नोंदीखाली बहुधा नोंदलेखकाचे नाव असते, पण सूचीत ‘जोशी, लक्ष्मणशास्त्री’ एवढेच येते. तर्कतीर्थ प्रमुख संपादक होते. प्रत्येक नोंद त्यांनी लिहिलेली नाही. नोंदलेखकाचे नाव, नोंदीचे शीर्षक, मग विश्वकोशाचे नाव, खंड आणि संपादक हा क्रम ठेवला, तर ज्या अभ्यासकाने ते लेखन केले त्याला श्रेय मिळते.

असाच प्रश्न वृत्तपत्रातील निनावी अग्रलेखांचा. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झाला आणि आरंभी त्याचे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. त्या काळातील एखादा निनावी अग्रलेख सरसकट टिळकांच्या नावावर घालणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे ते नोंदीतच गृहीत धरणे होय. अशा लेखाची नोंद ‘केसरी’ या नावाखाली, शीर्षक व तारखेसह करावी. कर्तृत्व कोणाकडे जाते याविषयी आधार असेल, तर त्याची चर्चा तळटिपेत करावी. दिवाळी अंकांना बहुधा वर्ष-अंक क्रमांक नसतो. तेथे ‘दिवाळी’ हा शब्द व सन पुरेसा आहे. जोडअंकांचे दोन्ही महिने द्यावेत.

मौखिक साधनांच्या बाबतीत संदर्भ हा केवळ पत्ता राहत नाही. जात्यावरच्या ओव्या उद्धृत करून खाली ‘लोकगीत’ असे लिहिणे किंवा संग्राहकाचे नाव लेखक म्हणून देणे, हे आजवर खपून गेले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या गायिकेच्या आणि गावाच्या नावासह नोंदविल्या गेल्या आहेत. जेथे गायिकेचे नाव उपलब्ध आहे, तेथे नोंद तिच्या नावाखाली झाली पाहिजे. संग्राहकाचे स्थान त्यानंतरचे. स्वतः घेतलेल्या मुलाखतीतही नाव, स्थळ, दिनांक द्यावा. व्यक्तीने नाव न देण्याची विनंती केली असेल, तर तसे स्पष्ट नमूद करावे.

न पाहिलेले साधन

राजवाड्यांच्या खंडातील एखादे पत्र अभ्यासकाने एखाद्या अलीकडील पुस्तकात वाचलेले असते आणि तळटिपेत मात्र थेट राजवाड्यांचा खंड व लेखांक दिलेला असतो. मधल्या पुस्तकात लेखांकाचा एक आकडा चुकीचा छापला गेला असेल, तर ती चूक पुढच्या दहा निबंधांत जशीच्या तशी उतरते आणि त्या दहांपैकी कोणीही मूळ खंड उघडला नव्हता, हे त्या एका आकड्यावरूनच उघड होते. मूळ साधन न पाहता आल्याची कबुली देण्यात कमीपणा नाही. आडगावच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते खंड नसणे हा अध्यापकाचा दोष नव्हे. ‘राजवाडे, खंड अमुक, लेखांक अमुक, उद्धृत, तमुक, पृ. अमुक’ असा निर्देश त्यासाठीच आहे. सूचीत मात्र मधले पुस्तकच यावे, कारण वाचलेले तेच आहे.

आता या जुन्या दोषात नवी भर पडली आहे. भाषाप्रतिमानांवर चालणाऱ्या संगणकप्रणालींना संदर्भ विचारले असता त्या कधी कधी अस्तित्वात नसलेले लेख, खऱ्या नियतकालिकाच्या नावासह आणि निर्दोष एपीए मांडणीत देतात. अशा नोंदीत विरामचिन्हांची एकही चूक सापडत नाही, आणि मांडणीची शुद्धता ही विश्वासार्हतेची खूण नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. डीओआय क्रमांक दिलेला असेल, तर तो उघडून लेख तोच आहे काय हे पाहावे. मराठी साधनाला बहुधा डीओआय नसतो, तेथे पुस्तक हाती घेण्याला पर्याय नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यप्रतिबंधक विनियमांनुसार (२०१८) दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, आणि योग्य श्रेयासह उद्धृत केलेला मजकूर व संदर्भसूची साम्यगणनेतून वगळली जाते. यावरून टक्केवारी कमी आली म्हणजे संदर्भ शुद्ध आहेत, असा समज पसरला आहे. त्याला आधार नाही. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडून श्रेय न दिल्यास साम्य शून्य येऊ शकते, पण चौर्य कायम राहते. आयोगाची २०१९ पासूनची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्यावर नियतकालिकाची पारख संस्था व अध्यापकांवरच येऊन पडली आहे. नियतकालिकात छापून आलेल्या निबंधांच्या चार-दोन संदर्भनोंदी मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे, हा त्या पारखेचा एक बिनखर्चाचा मार्ग आहे.

वर्णानुक्रम आणि टंक

सूची सिद्ध झाल्यावर ती संगणकाकडून वर्णानुक्रमे लावून घेतली जाते. केवळ युनिकोडच्या संकेतक्रमानुसार मांडणी झाली, तर ‘ळ’ हे अक्षर ल आणि व यांच्यामध्ये येते. मराठी वर्णमालेत ते ‘ह’ नंतरचे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे अनुक्रमे ‘क’ व ‘ज’ मध्ये जातात. परिणामी श्री. के. क्षीरसागर यांची नोंद वाचक सूचीच्या शेवटी शोधतो आणि ती कुलकर्णींच्या आसपास पडलेली असते. यांपैकी कोणताही क्रम स्वीकारण्यास हरकत नाही, पण तो एकाच निबंधात एकच असावा. देवनागरी व रोमन नोंदी एकाच सूचीत मिसळण्याऐवजी दोन स्वतंत्र सूची केल्या, तर हा घोळ बराच कमी होतो.

ग्रंथनाम तिरप्या टंकात छापण्याचा इंग्रजी संकेत देवनागरीला मानवत नाही. देवनागरीत स्वतंत्र तिरपा टंक परंपरेने नाही. यंत्र सरळ अक्षरांनाच कलते करते आणि मात्रा-रफार एकमेकांत शिरतात. मराठीत रूढ असलेले एकेरी अवतरण किंवा ठळक टंक वापरण्यास नियतकालिकाची संमती घ्यावी आणि लेखाचे शीर्षक व ग्रंथाचे नाव यांत भेद दिसेल, एवढे पाहावे.

जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला निबंध युनिकोडमध्ये रूपांतरित केला असता मुख्य मजकुरापेक्षा सूचीचेच अधिक नुकसान होते. तेथे आकडे, कंस, अवतरणचिन्हे आणि जोडाक्षरे दाटीने असतात. १८७३ चे १८७८ झाले, तर शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला त्यात काहीच वावगे दिसत नाही. म्हणून रूपांतरानंतर सूचीतील प्रत्येक आकडा मूळ टिपणाशी एकदा मोठ्याने वाचून ताडावा, शक्य असल्यास दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा. त्यानंतर मजकुरातील प्रत्येक निर्देश सूचीत आहे काय आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात आली आहे काय, हे दोन्ही बाजूंनी पाहावे. निबंध पाठविताना संपादनक्षम प्रतीसोबत पीडीएफ प्रतही जोडावी, म्हणजे संपादकाच्या संगणकावर अक्षरे बदलली तरी मूळ काय होते हे त्याला पाहता येते.